प्रकाशाचा 'वन-वे' : फॅरडेपासून सिलिकॉनपर्यंत



लांब पल्ल्याच्या फायबरच्या टोकाला जो लेसर असतो ना, त्याचं एक पथ्य आहे. समोरून परावर्तित झालेला प्रकाश त्याच्यात परत शिरता कामा नये, नाहीतर तो बिथरतो. म्हणून त्याच्यापुढे आयसोलेटर बसवतात. याचं मूळ थेट १८४५ सालात आहे!

१३ सप्टेंबर १८४५, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. मायकेल फॅरडे चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का ते बघत होते. हवा, फ्लिंट काच, स्फटिक... कशातच काही दिसेना. मग त्यांनी स्वतःच पूर्वी बनवलेली शिसंमिश्रित जड काच घेतली, आणि ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरली.

खरी गंमत पुढेच आहे. साखरेच्या पाण्यातही ही पातळी फिरते, पण प्रकाश त्याच वाटेने परत आला की फिरणं पुसलं जातं. चुंबकाच्या बाबतीत उलट: परतताना ती आणखी तेवढीच फिरते. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मधे यातून एकेरी रस्ता सुचवला. जाताना ४५ अंश, परत येईपर्यंत एकूण ९०, म्हणजे पहिल्याच पोलरायझरपाशी वाट बंद. पण लेसर आला १९६० मधे, तोवर याची गरज कुणाला होती?

गार्नेट तोपर्यंत तयारच होतं. यिट्रियम, लोखंड आणि ऑक्सिजनचं हे चुंबकीय स्फटिक १९५६ मधे ग्रनोब्लच्या बेर्तो आणि फोरा यांनी जगापुढे मांडलं. दूरसंचाराच्या अवरक्त प्रकाशाला ते पारदर्शक असतं.

मात्र सिलिकॉनशी त्याचं गोत्र जुळत नाही. गार्नेटच्या जाळीचं माप १२.३८ अँगस्ट्रॉम, सिलिकॉनचं ५.४३. शिवाय तापवल्यावर गार्नेट सिलिकॉनच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावतं, त्यामुळे थराला तडे जातात. टोकियोत मिझुमोतो यांच्या गटाने वेगळं वाढवलेलं गार्नेट सिलिकॉनवर चिकटवलं. एमआयटीच्या लेई बी, कॅरोलिन रॉस वगैरेंनी २०११ मधे आधी साध्या गार्नेटचा पातळ थर दिला आणि त्यावर सेरियमयुक्त गार्नेट चढवलं. इथे पातळी फिरवत नाहीत. प्रकाशाच्या दोन दिशांना वेगवेगळी फेज मिळते.

त्याच वर्षी चुंबकाशिवाय एकेरी प्रकाश साधल्याचा दावा 'सायन्स'मधे छापून आला. २०१२ मधे तिथेच इतरांनी दाखवून दिलं की ती रचना परतीची वाट बंद करतच नाही, त्यामुळे तिचा आयसोलेटर होऊ शकत नाही. रॅलेंचा पेपर वाचून मगच दावा केला असता तर, असं आपलं मला वाटतं.