पुसलेला प्रश्न

वाट पुसतात आणि पाटीही पुसतात. ऐकायला क्रियापद एकच. पण ही एका घरातली भावंडे नव्हेत, एकाच नावाची दोन परकी माणसे आहेत.

विचारणे या अर्थाचे ‘पुसणे’ संस्कृत ‘प्रच्छ्’ धातूचे. ‘पृच्छति’चे प्राकृतात ‘पुच्छइ’ झाले आणि मराठीत ‘च्छ’चा ‘स’ झाला. आपल्याकडे हे नेहमीचेच: मच्छाचा मासा झाला, हिंदीतली छुरी आपल्याकडे सुरी. दुसरे, फडक्याने करायचे ‘पुसणे’ आले ‘प्रोञ्छ्’पासून, प्राकृत ‘पुंछइ’च्या वाटेने. हिंदीने ‘पूछना’ आणि ‘पोंछना’ निराळे राखले. मराठीत दोन्ही ओढे एकाच पात्रात येऊन मिळाले.

पहिल्या पुसण्याचा गोतावळा मोठा. ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’ त्याच धातूचे. फारसी ‘पुरसीदन’ हा दूरचा चुलतभाऊ. आपल्या न्यायालयांत वकील ‘पुरसीस’ दाखल करतात, ती त्याचीच लेक. ‘विचारपूस’ या जोडशब्दात तर एकच अर्थ दोनदा येतो, आणि त्या दोनदा येण्यात माया असते. म्हणूनच ‘त्याला कुणी पुसत नाही’ म्हणजे त्याला कुणी किंमत देत नाही.

खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीच्या प्रश्नालाही बराच काळ असेच कुणी पुसले नाही. अरुंधतीकेश तारकासमूहाच्या दिशेला ‘कोमा’ नावाचा दीर्घिकांचा गुच्छ आहे. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावताना दिसल्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहूच नयेत. मग त्यांना धरून कोण ठेवते? १९३३ साली झ्विकीने जर्मन भाषेतल्या निबंधात न दिसणाऱ्या द्रव्याकडे बोट दाखवले. १९७०मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी देवयानी दीर्घिकेचे फिरणे मोजले. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम ५. देवयानीच्या कडेला मात्र वेग असा उतरतच नव्हता. तेव्हा कुठे प्रश्नाची विचारपूस सुरू झाली.

मराठीत आपण त्या अदृश्य ऐवजाला ‘कृष्णद्रव्य’ म्हणतो. शब्द देखणा आहे, पण किंचित फसवा. कृष्णविवर खरोखर कृष्ण, प्रकाश गिळते. कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, तसा अडवतही नाही. काळी काच आणि अगदी स्वच्छ काच यांत जेवढा फरक, तेवढा या दोन ‘कृष्णां’मध्ये आहे. नाव मिळाले म्हणून ओळख पटली असे नव्हे; हे नाव म्हणजे रिकाम्या खुर्चीवर टाकलेला रुमाल. आणि खुर्ची लहान नाही: विश्वातल्या एकूण द्रव्यात कृष्णद्रव्य नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटीहून अधिक आहे.

इथे दुसरे पुसणे कामाला येते. कृष्णद्रव्य म्हणजे न्यूट्रिनो नावाचे कण असतील? ते फार हलके नि वेगवान. त्यांच्या भरवशावर आज दिसतात तशा दीर्घिका जमल्या नसत्या. पुसा. विझलेले तारे आणि भटके ग्रह? त्यांचे गुरुत्वाकर्षण मागच्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर वाढवते. १९९०च्या दशकात मॅजेलन मेघ या दीर्घिकांतल्या ताऱ्यांवर तशी नजर ठेवली गेली, पण हिशेब पुरा व्हावा इतके सापडले नाहीत. तेही पुसा. मग न दिसणारे जड कण? अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, द्रवरूप झेनॉनची टाकी त्यांची वाट पाहत बसली आहे. आजवर या कणांनी तिच्या तोंडाला पानेच पुसली. तरी प्रत्येक वेळी ‘इतका जड, इतका धडकणारा कण नाही’ एवढे नक्की होते आणि पाटीचा आणखी एक कोपरा कोरा होतो.

परकी म्हटलेली दोन माणसे प्रयोगशाळेत अशी एकाच बाकावर बसतात: एक प्रश्न पुसतो, दुसरा चुकलेली उत्तरे पुसतो. ‘प्रश्न पुसला’ या मराठी वाक्याचे मात्र दोन अर्थ होतात. कृष्णद्रव्याच्या बाबतीत अजून तरी पहिलाच खरा.