एका बादलीची गोष्ट

श्रोतेहो, शेजारी कुणाचा स्लॅब भरायचा असला, की आपण क्षणभर थबकतोच. मिक्सर घरघरत असतो, घमेली हातोहात वर चढत असतात. माल जरा घट्ट झाला, फावडे चालेना, की हाक येते, ‘सोड रे आणखी एक बादली पाणी!’ माल भराभर पसरतो, सगळे खूष होतात. आज सांगायची आहे ती या बादलीची गोष्ट.

1756 साली जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनियराकडे एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधण्याचे काम आले. भर समुद्रात साधा चुना टिकावा कसा? त्याने निरनिराळ्या चुन्यांचे गोळे करून पाण्यात ठेवून पाहिले. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो, तिचाच चुना पाण्यात घट्ट धरतो, हे त्याला उमगले. आपले गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घालीत. त्यातले मर्मही जवळपास हेच.

पुढे 1824 साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलंड’ सिमेंटचे पेटंट घेतले. पण सिमेंट चांगले की वाईट, हे नुसते बघून कसे कळावे? 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले आणि मोठी गटारे बांधायचे ठरले. त्या कामावर जॉन ग्रँट या इंजिनियराने सिमेंटचे नमुने साच्यात घालून, पाण्यात मुरवून, मग यंत्राने ओढून तोडण्याची शिस्त घातली. विकणाऱ्याच्या शब्दावर नव्हे, तर तुटण्याच्या आकड्यावर माल घ्यायचा!

तरी एक कोडे उरलेच. तेच सिमेंट, तीच वाळू, तीच खडी. मग एक काँक्रीट भक्कम आणि दुसरे कच्चे, असे का? शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी पुष्कळ नमुने फोडून 1918 साली उत्तर दिले: सिमेंटच्या मानाने पाणी किती, यावर ताकद ठरते. सिमेंट घट्ट व्हायला पाणी हवेच. पण जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या सोडते. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरऐवजी 35 लिटर पाणी घातले, तर ताकद तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटू शकते. ओल्या वाळूतले पाणीही यातच धरायचे, बरे का!

आता तुम्ही म्हणाल, परीक्षा असते ना? असते. 15 सेंटिमीटरचे ठोकळे 28 दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली दाबतात. एम-20 काँक्रीट म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन भार सोसणारे. पण ठोकळा नापास ठरेपर्यंत वरचा मजला चढायला लागलेला असतो! म्हणून पाणी मोजायचे ते मिक्सरपाशीच. माल घट्ट वाटला, तर आधी इंजिनियराला विचारावे.

आणि ती बादली? ती उद्यासाठी ठेवावी. भरलेला स्लॅब निदान सात ते दहा दिवस ओला ठेवावा लागतो. तिची खरी जागा तिथे आहे.