पोविसची अर्ल पदवी : वारसाहक्काची सनद आणि स्त्रियांचा वंश

ब्रिटिश उमरावपद म्हणजे पित्याकडून पुत्राकडे अखंड चालत आलेला वारसा, असा सर्वसाधारण समज आहे. वेल्समधील हर्बर्ट घराण्याकडे असलेल्या ‘अर्ल ऑफ पोविस’ या पदवीच्या इतिहासातून मात्र वेगळेच चित्र दिसते. ही पदवी १६७४, १७४८ आणि १८०४ अशी तीन वेळा नव्याने निर्माण करावी लागली.

हर्बर्ट हे मूळचे रॅग्लनचे वेल्श घराणे. विल्यम अॅप थॉमस याच्या पुत्राने वेल्श पितृनामाची रीत सोडून हर्बर्ट हे आडनाव घेतले. १४६८ मध्ये तो पेम्ब्रोकचा अर्ल झाला आणि पुढच्याच वर्षी एजकोटच्या लढाईनंतर त्याचा शिरच्छेद झाला. १५५१ मध्ये हीच पदवी त्याच्या अनौरस पुत्राच्या मुलास नव्याने मिळाली आणि या नव्या अर्लचा धाकटा मुलगा सर एडवर्ड याने १५८७ मध्ये पोविसचा किल्ला विकत घेतला. पोविस हे नाव घराण्यात आले ते खरेदीने, हे विसरता येत नाही.

१६२९ मध्ये बॅरन, १६७४ मध्ये अर्ल आणि १६८७ मध्ये मार्क्वेस अशी या शाखेची चढती कमान राहिली. घराणे कॅथलिक होते. १६८८ मध्ये दुसरा जेम्स परागंदा झाला, तेव्हा पहिला मार्क्वेस त्याच्यामागून गेला. गेलेला किल्ला १७२२ मध्ये परत मिळाला.

तिसरा मार्क्वेस १७४८ मध्ये अविवाहित वारला आणि त्याच्या साऱ्या पदव्या लोपल्या. या पदव्यांच्या वारशात दत्तकाला स्थान नाही. मृत्युपत्रान्वये मालमत्ता चर्बरी शाखेतील हेन्री आर्थर हर्बर्ट याच्याकडे गेली आणि त्याच वर्षी तो अर्ल झाला. १७५१ मध्ये त्याने मृत मार्क्वेसची पुतणी बार्बरा हिच्याशी विवाह केला. जुन्या पोविस शाखेचा वंश पुढे चालला तो तिच्यामुळे, राजाच्या सनदेमुळे नव्हे.

त्यांचा पुत्र जॉर्ज हाही १८०१ मध्ये अविवाहितच वारला. त्याची बहीण हेन्रिएटा हिचा विवाह १७८४ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचा पुत्र एडवर्ड याच्याशी झाला होता. एडवर्ड १७९८ ते १८०३ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर (१७९९) टिपू सुलतानाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील सोन्याचे व्याघ्रमुख या दांपत्याच्या संग्रहात आले. हेन्रिएटाने १८०० मध्ये दक्षिण भारताचा दीर्घ प्रवास केला व त्याची रोजनिशी लिहिली. १८०४ ची सनद मात्र पतीच्या नावे निघाली. मामाची मालमत्ता मिळावी म्हणून त्यांच्या थोरल्या मुलाने १८०७ मध्ये क्लाइव्ह हे आडनाव टाकून हर्बर्ट हे स्वीकारले. आज ज्यांना हर्बर्ट म्हटले जाते, ते पुरुषवंशाने क्लाइव्ह आहेत!

चौथा अर्ल १९५२ मध्ये वारला. त्याचा एक मुलगा १९१६ मध्ये, दुसरा १९४३ मध्ये, असे दोघेही महायुद्धांच्या काळात मृत्यू पावले होते. कन्या हयात असूनही पदवी चुलत शाखेकडे गेली आणि किल्ला नॅशनल ट्रस्टकडे आला. मात्र चौथ्या अर्लच्या पत्नीची ‘डार्सी द नेथ’ ही जुनी बॅरनी स्त्रियांनाही मिळू शकणारी होती. ती १९४३ मध्ये नात डॅव्हिना हिच्याकडे आली होती. पुढे ती अनेक वर्षे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसली.