लघु वाफ एंजिन : घडण आणि संस्करण

विवेचनाच्या आरंभी काही संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. ज्या यंत्रावरून दुसरे यंत्र लहान आकारात घडवले जाते ते 'मूलयंत्र'. जे घडवले जाते ती 'प्रतिकृती'. दोहोंच्या लांबीचे गुणोत्तर ते 'प्रमाण'. प्रतिकृती मूलयंत्रासारखी दिसणे ही तिची रूपनिष्ठा आणि मूलयंत्रासारखी वाफेवर चालणे ही तिची कार्यनिष्ठा. घासणे, जुळवणे, आवरण चढवणे आणि रंगवणे या क्रियांना एकत्रितपणे 'संस्करण' म्हटले आहे. रूपनिष्ठा आणि कार्यनिष्ठा एकाच प्रमाणाने लहान होत नाहीत, हा येथील मुख्य सिद्धान्त होय. घरच्या कार्यशाळेत उद्भवणारे बहुतेक प्रश्न या विसंगतीचेच निरनिराळे आविष्कार आहेत.

व्याख्येवरून एक वस्तू लगेच वगळावी लागते. लहान एंजिन म्हणजे प्रतिकृती नव्हे. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीवर निवडले गेलेले पहिले भारतीय, मुंबईचे अर्देशिर करसेटजी वाडिया, यांनी तरुणपणी एक अश्वशक्तीचे वाफ एंजिन घडवले होते. ते लहान होते, परंतु कशाचीही नक्कल नव्हते. उरलेल्या प्रतिकृतींचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग केवळ रूपनिष्ठ. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय हे त्याचे उत्तम उदाहरण. तेथील गाड्या विजेवर धावतात आणि वाफेच्या एंजिनाचे तेथे रूप तेवढे असते. दुसरा वर्ग केवळ कार्यनिष्ठ. डुलत्या सिलिंडरचे एंजिन या वर्गात येते. त्यात सिलिंडर स्वतःच डुलून वाफेची छिद्रे उघडतो व झाकतो, त्यामुळे स्वतंत्र झडप लागत नाही. पितळेच्या मोडीतून ते घडते, चांगले चालते आणि कोणत्याही मूलयंत्रासारखे दिसत नाही. तिसरा वर्ग उभयनिष्ठ. पुढील विवेचन त्याच्यापुरते आहे.

वाशिम जिल्ह्यापुरते पाहिल्यास मूलयंत्राच्या दोन जाती समोर येतात. पहिली गतिमान. कारंजा (लाड) येथून जाणाऱ्या मूर्तिजापूर–यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या मार्गावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'शकुंतले'वर, रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले झेडडी वर्गाचे एंजिन १९२३ पासून या गाडीला जोडले जाई. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल एंजिन आणण्यात आले. दुसरी जात स्थिर. वऱ्हाडातील कापसाचे जिन आणि प्रेस तेल-एंजिन व वीज येण्यापूर्वी ज्यावर चालत, ते वाफ एंजिन या जातीचे. शकुंतलेच्या वाट्याला लोकांचा जिव्हाळा आला. जिनाच्या एंजिनाची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. घडवणाऱ्याने तरीही आरंभ दुसऱ्या जातीपासून करावा. याची कारणे भावनेत नाहीत, प्रमाणाच्या गणितात आहेत.

लांबी सहाव्या हिश्शावर आणली तर क्षेत्रफळ छत्तिसाव्या आणि घनफळ दोनशे सोळाव्या हिश्शावर येते. यातून दोन परिणाम निघतात. पहिला वजनाचा. ७६२ मिलिमीटरचा मार्ग १२७ मिलिमीटरच्या लघुरुळांवर आणल्यास प्रमाण बरोबर १:६ होते. मूळ एंजिन ३० टनांचे धरल्यास प्रतिकृती सुमारे १४० किलो भरेल; ती घरच्या टेबलावरून एकट्याला उचलता येणार नाही. ६३.५ मिलिमीटरच्या रुळांवर प्रमाण १:१२ होते आणि वजन साडेसतरा किलोच्या आसपास उतरते. मात्र तेवढ्या लहान बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) विस्तव टिकवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. ते अशक्य मात्र नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने एवढ्याच रुळांवर कोळशाचे एंजिन चालवून त्यामागे माणूस ओढून दाखवला, आणि लहान बाष्पित्राला स्पिरिटचीच ज्योत हवी हा तोवरचा समज मोडला.

दुसरा परिणाम उष्णतेचा. १:६ प्रमाणात घनफळाच्या तुलनेत पृष्ठभाग सहापट होतो. सिलिंडरच्या भिंती त्या मानाने अधिक उष्णता बाहेर टाकतात, आत आलेली वाफ दट्ट्याला ढकलण्यापूर्वीच अंशतः पाणी होते, आणि मूलयंत्रात काटकसरीने चालणारी रचना प्रतिकृतीत खर्चिक ठरते. एंजिन लहान करता येते. पाणी, वाफ आणि धातू यांचे गुणधर्म लहान करता येत नाहीत. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. मूलयंत्रात तिचा आतील व्यास १२ मिलिमीटर असेल तर १:६ प्रमाणात तो २ मिलिमीटर होतो. एवढ्या नळीत केशाकर्षणाने थंड पाणी सुमारे १५ मिलिमीटर वर चढते. उष्ण पाणी थोडे कमी चढते, पण चढते. बाष्पित्रातील पाणी अग्निपेटीच्या माथ्याखाली गेले असतानाही अशी नळी ते पुरेसे असल्याचे सांगेल. म्हणून येथे रूपनिष्ठेचा त्याग करून नळी जाड घ्यावी. याबाबतीत तडजोडीला जागा नाही.

हे दोन्ही परिणाम लक्षात घेतले की नवख्याने स्थिर, आडवे, एक-सिलिंडरी एंजिन का निवडावे हे स्पष्ट होते. त्याला रूळ लागत नाहीत, बाष्पित्र वेगळे ठेवता येते, आणि २० मिलिमीटर व्यास व तेवढाच आघात घेतला तर सर्व भाग लहान लेथवर बसतात. उलट फिरवण्याची यंत्रणाही त्यात लागत नाही, कारण जिन एकाच दिशेने फिरे.

घडणीचे टप्पे चार : द्रव्याची निवड, पृष्ठांची सिद्धी, जुळवणी, परीक्षा. पहिल्याविषयी थोडक्यात सांगता येते. सिलिंडरासाठी गनमेटल किंवा बीड, दट्ट्याच्या दांड्यासाठी न गंजणारे पोलाद, प्रचक्रासाठी (फ्लायव्हीलसाठी) बीड घ्यावे. लाकडी फर्मा घरी करून ओताऱ्याकडून ओतीव काढून घेता येते. आकुंचनासाठी फर्मा किंचित मोठा ठेवावा. पितळेच्या जातीला दीड टक्का पुरतो.

दुसऱ्या टप्प्यात नवख्याची समजूत बहुधा उलटी असते. तो मापाच्या मागे लागतो. प्रतिकृतीत निरपेक्ष मापाला फारसे महत्त्व नाही; महत्त्व आहे ते दोन भागांच्या परस्परसंबंधाला. सिलिंडर २० ऐवजी २०.१ मिलिमीटरचा झाला तर काही बिघडत नाही, दट्ट्या त्याला जुळवून कातता येतो. सिलिंडर एका टोकाला २० आणि दुसऱ्याला २०.१ झाला तर मात्र कोणताही दट्ट्या त्यात नीट बसणार नाही. म्हणून छिद्र आधी आणि दांडा नंतर, हा क्रम. मोजण्याच्या वेळेचाही विचार करावा लागतो. वऱ्हाडातील उन्हाळ्यात सकाळ-दुपारच्या तापमानातील फरकाने पितळ व पोलाद यांच्या जोडीत २५ मिलिमीटरमागे पडणारे अंतर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांत असते. ते दुर्लक्षिण्याजोगे आहे. नुकताच कातलेला, हाताला चटका देणारा पितळेचा भाग मात्र ६० अंशांनी तापलेला असेल तर २५ मिलिमीटरला जवळजवळ ०.०३ मिलिमीटर फुगलेला असतो. भाग निवाल्याशिवाय मोजू नये.

तिसरा टप्पा जुळवणीचा, म्हणजे मुख्यतः झडपेच्या वेळेचा, आणि तो सविस्तर पाहिला पाहिजे. सरकती झडप विकेंद्रीवरून (एक्सेंट्रिकवरून) चालते. वाफेचे द्वार १.५ मिलिमीटर रुंद आणि झडपेचे आच्छादन, म्हणजे मध्यस्थितीत द्वाराच्या बाहेर उरणारा तिचा भाग, ०.८ मिलिमीटर धरू. झडपेची अर्धी धाव या दोहोंच्या बेरजेइतकी, म्हणजे २.३ मिलिमीटर, आणि पूर्ण धाव ४.६ मिलिमीटर. दट्ट्या टोकाला असताना द्वार नुकते उघडू लागले पाहिजे. त्यासाठी विकेंद्री काटकोनाच्या पुढे आणखी एवढा कोन सरकवावी की त्याची ज्या (साइन) ०.८ भागिले २.३ येईल. तो कोन सुमारे २० अंश. म्हणजे विकेंद्री क्रँकच्या ११० अंश पुढे बसते. केवळ नजरेने बसवलेली विकेंद्रीही एंजिन फिरवते, परंतु ते लंगडत चालते आणि दोन्ही आघातांचे आवाज निरनिराळे येतात.

बाष्पित्राचा विचार स्वतंत्र करावा लागतो, कारण तेथील चूक दुरुस्तीची संधी देत नाही. ७५ मिलिमीटर व्यासाच्या, १.६ मिलिमीटर जाड तांब्याच्या नळकांड्यात ३ बार दाब असेल तर पत्र्यातील ताण दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी, म्हणजे सुमारे ७ मेगापास्कल येतो. मऊ तांब्याचे तुटण्याचे बळ २०० च्या घरात आहे. नळकांड्याची चिंता त्यामुळे थोडी. चिंता असते ती टोकांच्या सपाट पत्र्यांची. दाबाने ते फुगू पाहतात, म्हणून त्यांना आतून आडव्या सळ्यांचा आधार द्यावा लागतो. सांधे चांदीच्या डाकाने झाळावेत. तो ६०० अंशांच्या वर वितळतो. कथलाचा साधा डाक १८३ अंशांच्या आसपास वितळतो आणि ३ बार दाबाची वाफ १४४ अंशांची असते. पाणी असेपर्यंत हे अंतर पुरते असे भासते, पाणी आटताच ते संपते. विस्तवावरच्या बाष्पित्रात पितळेचे भागही बसवू नयेत. त्यातील जस्त पाण्यात झिजते व मागे ठिसूळ तांबे उरते. तांबटांची पद्धत येथे जशीच्या तशी उपयोगी पडते : ठोकून ताठरलेला पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करणे आणि झाळल्यानंतर आंबट पाण्याने निर्मळ करणे.

भारतीय बाष्पित्र अधिनियम १९२३ मध्ये २००७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार २५ लिटरहून कमी धारणेचे भांडे बाष्पित्राच्या व्याख्येबाहेर ठेवण्यात आले. घरगुती प्रतिकृती त्यामुळे सरकारी निरीक्षणातून सुटते, आणि निरीक्षकाचे कर्तव्य घडवणाऱ्याकडे येते. परीक्षेचा चौथा टप्पा तो हाच : नवे बाष्पित्र थंड पाण्याने पूर्ण भरून, आत हवा न ठेवता, चालू दाबाच्या दुप्पट दाबावर तपासावे. पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा उघडला तरी पाणी ठिबकते आणि दाब पडतो. हवेने किंवा वाफेने ही पहिली तपासणी कधीही करू नये. पुढे वापरासाठी पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याची खपली नळ्यांवर बसते.

येथवर आल्यावर संस्करणाचे स्थान कळते. ते घडणीनंतर चढवायचे सौंदर्य नव्हे. यंत्राची पृष्ठे तीन प्रकारची असतात. सरकणारी पृष्ठे पहिली : झडप व तिचे आसन जाड काचेवर बारीक घर्षणचूर्ण लावून सपाट करावे लागते, आणि त्यांची चमक हा सपाटपणाचा उपपरिणाम असतो. दुसरी, कातलेली पण न सरकणारी : दांडे, टोप्या, प्रचक्राची धाव. त्यांवर २२० पासून ८०० पर्यंतचा पॉलिश पेपर क्रमाने वापरावा, दर वेळी आधीच्या रेघांना आडवी दिशा घ्यावी आणि कागदाखाली लाकडी ठोकळा ठेवावा. कापडी चाकावर धरून आरशासारखी केलेली टोपी कडा गमावते. मूलयंत्राच्या टोप्या कातलेल्या असत, आरशासारख्या नसत. आज प्रदर्शनांत दिसणारा झगमगाट रूपनिष्ठेचा भंग आहे, हे स्पष्ट म्हणावे लागते. तिसरी पृष्ठे ओतीव. त्यांचा खडबडीतपणा रंगाखाली राहू द्यावा, फक्त ओतकामाची शिवण कानशीने काढावी. रंगासाठी धातूला चिकटणारा प्रायमर आधी द्यावा. वैशाखातील कोरड्या वाऱ्यात फवारा पृष्ठभागावर पोचण्यापूर्वीच सुकतो व भुकटी बसते, तर श्रावणातील दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. आश्विन ते माघ हा काळ त्यातल्या त्यात बरा.

सिलिंडरभोवतीच्या लाकडी पट्ट्या आणि त्यांना आवळणाऱ्या पितळी पट्ट्या यांच्या ठिकाणी दोन्ही निष्ठा एकत्र येतात. जुन्या स्थिर एंजिनांवर त्या शोभेच्या वाटत; काम होते उष्णता धरून ठेवण्याचे. प्रतिकृतीत उष्णतेचा क्षय प्रमाणाबाहेर वाढत असल्याने तेथे त्यांची गरज मूलयंत्राहूनही अधिक. सागाच्या एक मिलिमीटर जाड पट्ट्या, त्यांच्या खाली उष्णतारोधक कागद, ही रचना पुरते. आळसाने बहुधा हाच भाग गाळला जातो.

नटांच्या बाबतीत रूपनिष्ठेचा आग्रह धरता येतो. मूलयंत्रावरील १२ मिलिमीटरचा बोल्ट १:६ प्रमाणात २ मिलिमीटरचा होतो आणि त्या मापाचे आटे सहज पाडता येतात. बाजारातील नट मात्र आट्यांच्या मानाने मोठा दिसतो. षट्कोनी सळईतून बारीक नट कातून घ्यावेत.

रूपनिष्ठेला मूळची मापे लागतात, आणि शकुंतलेच्या एंजिनापेक्षा जिनाच्या एंजिनांची मापे मिळणे कठीण आहे. ज्यांच्या गावात जुन्या जिनाच्या आवारात एंजिनाचा चौथरा, प्रचक्र किंवा सिलिंडराचा तुकडा अजून उरला असेल, त्यांनी तो भंगारात जाण्यापूर्वी व्यास, आघात, आऱ्यांची संख्या आणि बोल्टांमधील अंतरे मोजून कागदावर उतरवून ठेवावीत.