तीव्र न्यूमोनियातील जोड-उपचार

करडई हे सोलापूरच्या रब्बीतले जुने पीक. आपण तिच्या बियांचे तेल काढतो. चिनी वैद्यकात तिच्या पाकळ्या औषधात जातात. शिरेतून देण्याच्या ‘शुएबिजिंग’ या औषधातल्या पाच वनस्पतींपैकी करडई ही एक. पारंपरिक आणि आधुनिक वैद्यकाच्या मेळाचा विचार याच औषधापासून सुरू करावा, कारण ते अत्यवस्थ रुग्णांवर तपासले गेले आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चीनमधल्या ३३ रुग्णालयांतले तीव्र न्यूमोनियाचे ७१० रुग्ण होते. नेहमीचे आधुनिक उपचार सर्वांना. एका गटाला त्यावर शुएबिजिंग. २८ दिवसांतले मृत्यू जोड-उपचाराच्या गटात सुमारे १६ टक्के, दुसऱ्यात सुमारे २५. २०२३ मध्ये सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, सुमारे १,८०० रुग्णांवरील दुहेरी अंध चाचणीत (कोणाला काय मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून झाकलेल्या) हे आकडे १८.८ आणि २६.१ टक्के आले. दोन्ही चाचण्या चीनमध्येच झाल्या, म्हणून इतरत्र पडताळा होईपर्यंत निकाल पक्का मानू नये. प्रश्न मात्र अचूक विचारला आहे: आधुनिक उपचार कायम ठेवून वर आणखी काय मिळते?

आपल्याकडे आयुष-६४ बाबत हाच प्रश्न विचारला गेला. सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांची ही गोळी मुळात हिवतापासाठीची. मुंबई, वर्धा आणि लखनौ इथल्या १४० कोविड रुग्णांत तिची जोड मिळालेले लवकर बरे झाले. पण त्यांचा आजार सौम्य वा मध्यम होता आणि गोळी कोणाला मिळते हे झाकलेले नव्हते. सौम्य आजार बहुतेकांचा आपोआपही उतरतो. त्यावरून अत्यवस्थ रुग्णाबद्दल बोलणे हा तर्कदोष आहे, आणि महासाथीत तो सर्रास झाला. अवस्था बदलली की औषधाचे कामही बदलते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले, कारण तिथे शरीराचा स्वतःचा दाहच फुप्फुसे निकामी करत होता. प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ दिसला नाही.

मेळात धोकाही असतो. ज्येष्ठमध जास्त झाले तर रक्तातले पोटॅशियम उतरते, स्टेरॉइडनेही उतरते. दोन्ही एकत्र चालले तर हृदयाची लय बिघडू शकते.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयही आहे. दोघांनी मिळून तीव्र न्यूमोनियावर अशी जोड-उपचाराची चाचणी उभारावी. वाचकांना विनंती एवढीच: धाप लागली, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला, तर काढा उकळत बसू नका, रुग्णालय गाठा, आणि घरी काय काय घेत होता ते तिथल्या डॉक्टरांना न संकोचता सांगा.