कचेरीतील मारेकरी : एका चित्रपटप्रकाराची पूर्वपीठिका

पैसे घेऊन माणसे मारणारे दोन प्रतिस्पर्धी, त्यांची कचेरी, त्यांचे वरिष्ठ, नेमून दिलेली मुदत आणि अखेरीस एकमेकांवरच येऊन पडलेली कामगिरी, अशा कथानकाचे विनोदी साहसपट गेल्या काही दशकांत बरेच निघाले. डग लायमन यांनी दिग्दर्शित केलेला 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' (२००५) हा त्यांतील एक अत्यंत लोकप्रिय चित्रपट होय. हा प्रकार निव्वळ करमणुकीचा, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे दुर्लक्ष करावे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु या विनोदाची घडण तपासू लागले असता असे दिसते की, त्यातील हास्याचे मूळ खुनात नसून कचेरीत आहे. आणि या कचेरीला विसाव्या शतकात एक निश्चित इतिहास आहे. त्या इतिहासातील मुख्य टप्प्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(१)

सूड घेणारा मनुष्य आणि भाडोत्री मारेकरी यांत एक मूलभूत भेद आहे. सूड घेणाऱ्याला कारण असते. भाडोत्री मारेकऱ्याला केवळ काम असते. मॅक्स वेबर यांनी आधुनिक नोकरशाहीचे जे विवेचन केले, त्यात अधिकारांची उतरंड, लेखी नोंदी, ठरलेले वेतन आणि व्यक्तिनिरपेक्षता ही तिची प्रमुख लक्षणे सांगितली आहेत. आदर्श अधिकारी आपले काम राग वा लोभ न धरता करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हेच वर्णन भाडोत्री मारेकऱ्याला जसेच्या तसे लागू पडते, आणि येथेच या विनोदाचे बीज आहे. कारकुनाच्या अंगी जो गुण म्हणून वाखाणला जातो, तोच मारेकऱ्याच्या अंगी दिसला म्हणजे प्रेक्षक प्रथम हसतो व मागाहून अस्वस्थ होतो.

(२)

या कल्पनेचा एक महत्त्वाचा वाङ्मयीन आविष्कार अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन यांच्याकडे आढळतो. १९१० साली लंडन यांनी एका होतकरू तरुण लेखकाकडून चौदा कथाबीजे सत्तर डॉलरना विकत घेतली. तो तरुण म्हणजे पुढे १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविणारे सिंक्लेअर लुइस होत. त्या कथाबीजांतूनच 'द अ‍ॅसॅसिनेशन ब्यूरो' या कादंबरीचा जन्म झाला. परंतु लंडन यांनी ती अर्ध्यावर सोडली. १९१६ मध्ये ते निवर्तले, आणि रॉबर्ट फिश यांनी पुरी केलेली ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली.

या कादंबरीतील मारेकऱ्यांच्या संस्थेचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. फी भरली म्हणून ही संस्था कोणालाही मारीत नाही. ज्याला मारावयाचे तो समाजाला खरोखर अपायकारक आहे काय, याची ती आधी चौकशी करते. आणि तसे सिद्ध झाले तरच काम हाती घेते. संस्थेचा प्रमुख ड्रॅगोमिलॉफ याला त्याचा प्रतिपक्षी वादात जिंकतो. संस्थेचे अस्तित्वच समाजाला घातक आहे, हे त्याला पटते. आणि नियमाला जागून तो स्वतःच्या वधाचे काम आपल्याच संस्थेकडे सोपवितो. तात्पर्य, १९१० च्या या कल्पनेत मारेकऱ्यांची कचेरी होती, परंतु त्या कचेरीत सदसद्विवेकाचेही एक टेबल मांडलेले होते.

(३)

प्रत्यक्षात अशी कचेरी उघडकीस आली तेव्हा ते टेबल तेथे नव्हते. मार्च १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एब रेलेस हा गुन्हेगार माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने सरकारी वकिलांपुढे जबानी देण्यास आरंभ केला. त्या जबानीतून ज्या टोळीचे स्वरूप उघड झाले, तिला वृत्तपत्रांनी 'मर्डर इनकॉर्पोरेटेड', म्हणजे जणू रीतसर नोंदलेली खुनाची कंपनी, असे नाव दिले. टोळीचा अड्डा ब्राउन्सव्हिल वस्तीतील गोळ्या-चॉकलेटच्या एका दुकानात होता. तेथील टेलिफोनवर काम येई आणि मंडळी कामगिरीवर निघत. मारेकऱ्याची व बळीची बहुधा ओळखही नसे. त्यामुळे हेतूवरून आरोपीचा माग काढण्याची पोलिसांची नेहमीची पद्धत निरुपयोगी ठरली. व्यक्तिनिरपेक्षता हेच या धंद्याचे संरक्षण होते.

या खटल्यांतून अनेकांना देहान्ताची शिक्षा झाली. टोळीचा सूत्रधार लुइस बकाल्टर ऊर्फ लेपके याला ४ मार्च १९४४ रोजी सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसविण्यात आले. त्याच्यावर शाबीत झालेला गुन्हा १९३६ मधील जोसेफ रोझेन या दुकानदाराच्या खुनाचा होता. रेलेस मात्र १२ नोव्हेंबर १९४१ रोजी, पोलिसांचा पहारा असतानाच, कोनी आयलंड येथील हॉटेलच्या खिडकीतून पडून मरण पावला.

या प्रकरणाने भाषेतही भर घातली. १९५१ सालच्या 'द एन्फोर्सर' या हम्फ्री बोगार्ट यांच्या चित्रपटात 'काँट्रॅक्ट' आणि 'हिट' हे टोळीचे सांकेतिक शब्द ऐकून पोलीस गोंधळतात आणि त्यांचा अर्थ त्यांना शोधून काढावा लागतो. व्यापारातील 'करार' हा शब्द येथे खुनाचा वाचक झाला. मराठीतही याला समांतर असे उदाहरण आहे. लग्न ठरल्याची खूण म्हणून फोडावयाची किंवा तमाशाच्या फडाला विसार म्हणून द्यावयाची सुपारी पुढे मुंबईच्या गुन्हेगारी जगात खुनाच्या कराराची संज्ञा बनली. दोन्ही ठिकाणी नवा शब्द घडविला गेला नाही. रोजच्या व्यवहारातील निरुपद्रवी शब्दच त्या कामाला लावला गेला. कृत्याचे भीषणत्व झाकण्यास नित्याच्या शब्दाइतके सोयीचे आवरण दुसरे नाही.

(४)

याच सुमारास चार्ली चॅप्लिन यांनी 'मस्य व्हर्दू' (१९४७) या चित्रपटात हाच प्रश्न विनोदाच्या अंगाने हाताळला. सुमारे तीस वर्षे बँकेत प्रामाणिकपणे कारकुनी केलेला व्हर्दू मंदीत नोकरी गमावतो आणि श्रीमंत स्त्रियांशी लग्ने करून त्यांचे खून करणे हा धंदा पत्करतो. नोटा मोजणारी त्याची सराईत बोटे जुन्या कारकुनाचीच आहेत. न्यायालयात तो आपल्या कृत्यांची तुलना युद्धातील सामुदायिक संहाराशी करतो. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली असताना हे ऐकून घेण्याची अमेरिकन प्रेक्षकांची तयारी नव्हती. चित्रपट तेथे अपयशी ठरला.

१९६१ मध्ये जेरुसलेम येथे अ‍ॅडॉल्फ आइकमन याच्यावर खटला चालला आणि १९६३ मध्ये हॅना आरेन्ट यांचा त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लक्षावधी ज्यूंच्या पाठवणीची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी, आपण केवळ आज्ञापालन केले, असे सांगत होता. ज्या वर्षी लंडन यांची अपुरी कादंबरी पुरी होऊन वाचकांपुढे आली, त्याच वर्षी हा ग्रंथही यावा, हा केवळ योगायोग होय. तथापि टेबलाशी बसून केलेल्या हत्येची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या काळी किती निकडीचा झाला होता, हे त्यावरून ध्यानात येते.

१९६९ साली बेसिल डिअर्डन यांनी लंडन यांच्या कादंबरीवर त्याच नावाचा विनोदी साहसपट काढला. त्यात ऑलिव्हर रीड यांचा ड्रॅगोमिलॉफ हा संचालक मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि त्याच्या वधाचे काम घेऊन येणारी डायाना रिग यांची सोन्या विंटर ही वार्ताहर आहे. मूळ कादंबरीत प्रमुख वादात हरतो. चित्रपटात मात्र संस्था तत्त्व विसरून पैशाच्या मागे लागली आहे, हे ओळखून तो स्वतःच सहकाऱ्यांना आव्हान देतो : त्यांनी त्याला मारावे, नाही तर तो त्यांना मारील. येथे शत्रू बाहेरचा उरत नाही. संचालक मंडळातील सहकारीच प्रतिस्पर्धी होतो.

जपानमध्ये सेइजून सुझुकी यांनी 'ब्रँडेड टु किल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटात (१९६७) हेच सूत्र अधिक विक्षिप्तपणे मांडले होते. त्यात मारेकऱ्यांची क्रमवारी असते आणि तिसऱ्या क्रमांकाचा नायक हानादा पहिल्या क्रमांकासाठी झुरत असतो. पहिल्या क्रमांकाचा मारेकरी त्याला ठार करण्यास येतो तो त्याच्याच घरी मुक्काम ठोकतो, आणि दोघे हातात हात अडकवून जेवायला जातात. बढतीच्या चढाओढीत अडकलेल्या दोन नोकरदारांचे हे अतिरंजित चित्र आहे. या कथेचा उत्तरार्ध पडद्याबाहेर घडला. हे चित्रपट कोणाला समजत नाहीत, या कारणास्तव निक्कात्सु कंपनीने १९६८ मध्ये सुझुकींनाच कामावरून काढून टाकले. त्यांनी कंपनीवर दावा केला. तो १९७१ च्या अखेरीस तडजोडीने मिटला. तरी त्यांचा पुढचा चित्रपट येण्यास १९७७ साल उजाडावे लागले.

(५)

यानंतरच्या अमेरिकन चित्रपटांत कचेरीचा तपशील वाढत गेला. 'ग्रोस पॉइंट ब्लँक' (१९९७) मधील मारेकऱ्याला स्वतंत्र कार्यालय आहे, कामसू चिटणीस आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी त्याला मारेकऱ्यांच्या कामगार संघटनेत सामील होण्याचा आग्रह करतो. १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना सरकारने बडतर्फ केल्याची घटना ज्या समाजाच्या आठवणीत होती, त्या समाजात हा विनोद केवळ काल्पनिक राहत नाही. 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ'मध्ये पतिपत्नी दोन प्रतिस्पर्धी संस्थांत नोकरीला असतात. आपला नोकर प्रतिपक्षाच्या नोकराशी विवाहबद्ध आहे, हे मालकांना खपत नाही, आणि म्हणून दोघांनी एकमेकांना संपवावे अशी योजना ते करतात. संसार आणि नोकरी यांतील संघर्ष येथे अक्षरशः बंदुकीने लढला जातो.

मात्र या दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट कोठेच आढळत नाही. ज्याला मारावयाचे तो मारण्यास पात्र आहे काय, याची चौकशी करणारी व्यवस्था कोणत्याही कचेरीत नाही. ग्रोस पॉइंटच्या नायकाला उशिरा पश्चात्ताप होतो, पण तो त्याचा खाजगी मामला ठरतो. स्मिथ दांपत्याच्या बाबतीत तर बळींची नावेही प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत.

यावरून या प्रकाराच्या वाटचालीविषयी एक निष्कर्ष काढता येतो. १९१० मध्ये कादंबरीकाराला अशी कचेरी कल्पिताना तिला एक नैतिक नियम जोडावासा वाटला. १९४० च्या जबान्यांनी, अशा नियमावाचून ती सुरळीत चालते, हे दाखवून दिले. त्यानंतरचा विनोद त्या रिकाम्या टेबलाभोवती फिरत राहिला. चॅप्लिन व सुझुकी यांनी प्रेक्षकाचे लक्ष त्या टेबलाकडे वेधले, आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली. पुढील चित्रपटांनी ते टेबल कचेरीच्या झगमगाटात दिसेनासे केले, आणि त्यांना यश लाभले. या प्रकाराचे मूल्यमापन करताना हास्य किती उत्पन्न झाले एवढेच मोजून भागणार नाही. ते हास्य कोणत्या प्रश्नावरून लक्ष उडविते आणि कोणत्या प्रश्नाकडे वळविते, हे पाहणे अगत्याचे आहे.