सोपा आणि वृद्धाश्रम : कोल्हापूरच्या संदर्भात एक टिपण

कोल्हापूर संस्थानाचा सामाजिक इतिहास पाहू जाता वसतिगृह ही संस्था तेथे जितकी रुजली तितकी अन्यत्र क्वचितच रुजली असेल. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, आणि याच काळात इतर ज्ञातींची वसतिगृहेही उभी राहिली. घराबाहेर राहणाऱ्या मुलाची सोय समाजाने करावी, हा विचार या नगरीने लवकर स्वीकारला. घराबाहेर राहावे लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाविषयी तसा विचार व्हावयास मात्र फार काळ जावा लागला.

त्याचे कारण केवळ कोल्हापुरात शोधून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातील दानधर्माने टाकलेल्या अर्भकासाठी पंढरपुरास बालकाश्रम काढला (1875), विधवांसाठी पुण्यात कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला (1896). पुण्यातच डेव्हिड ससून यांच्या नावाने पंगूगृह निघाले. या संस्थांत वृद्धास प्रवेश मिळाला तो बहुधा पंगू किंवा निराधार म्हणून. नुसते वार्धक्य ही संस्थेच्या दारी सांगण्याजोगी अडचण मानली जात नव्हती. ती घरची बाब होती.

घरची म्हणजे नेमकी कोठली? कोल्हापूर भागातील जुन्या घरात याचे उत्तर सोपा हे आहे. दारातून आत येताच लागणाऱ्या या जागेत म्हाताऱ्याचे अंथरूण असे. आल्यागेल्याची विचारपूस, वैरणीची चौकशी, नातवंडांवर नजर ही कामे तो बसल्या जागी करी. त्याची शुश्रूषा होई ती या कामांच्या ओघात. अर्थात हे चित्र पुरुषाचे. म्हातारीचा वावर माजघर आणि चूल यांपुरता. शिवाय ती विधवा असेल तर तिची शुश्रूषा कोणी किती केली, याविषयी एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी जपूनच बोलावे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही घरची बाब कायद्यात आली. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने (1956) वृद्ध अथवा अशक्त आईबापांचा निर्वाह हे मुलामुलींचे कर्तव्य ठरविले. 1963 साली महाराष्ट्र शासनाने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना काढली. पुरुषास 60 आणि स्त्रीस 55 ही वयाची अट ठेवून. पुढे 1995 साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, प्रत्येकी 100 जणांसाठी. 2007 च्या केंद्रीय कायद्याने तर जिल्ह्यागणिक आरंभी किमान 150 निर्धन वृद्धांची सोय होईल असे निवास कल्पिले. आकडा वाढत गेला. वीसपंचवीस माणसांचे लहान घर या शेवटच्या दोन योजनांच्या मापात बसत नाही.

वस्तुतः प्रश्न मापाचाच आहे. लहान निवासात चहा फिका कोणाला आणि भाकरी दुधात कुस्करून कोणाला, हे स्वयंपाकीणबाईस पाठ असते. रात्री कोण उठतो हे सोबतीला निजणारीस ठाऊक असते. दाराशी बाकडे असेल तर सोपाही थोडाबहुत शिल्लक राहतो. निवडलेली भाजी, वाचून दाखवलेले वर्तमानपत्र, नव्याने आलेल्याची केलेली चौकशी यांतून माणूस पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडतो. उलट अशा घरी एक बाई कामावर आली नाही की सारा दिवस कोलमडतो, आणि आजार लांबला की परिचारिका कोठून आणावी हा पेच उभा राहतो. तेव्हा मोठी इमारत वाईट आणि लहान घर चांगले, असा सरधोपट निर्णय देता येणार नाही. तथापि अनुदानाचे नियम करताना लहान घराची ही ताकद कोणी हिशेबात धरलेली दिसत नाही, हे नोंदविणे अवश्य आहे.

'आश्रम' हा शब्दही येथे विचार करण्याजोगा आहे. वानप्रस्थ हा स्वतः होऊन घर सोडणाऱ्याचा आश्रम होता. वृद्धाश्रमात येणाऱ्यांपैकी किती जण तसे येतात?

घराचे काम नगराने आपल्याकडे घेतल्याचे एक ठळक उदाहरण मात्र कोल्हापुरातच आहे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महानगरपालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते, आणि होळीच्या दिवसांत नागरिक होळी लहान करून उरलेल्या शेणी तेथे दान देतात. मृताची जात, ऐपत किंवा मुलगा जवळ आहे की नाही, हे तेथे कोणी विचारीत नाही.